सासुरवाडीची चौतीस गुंठे भातशेती आणि माझा भारतीय पासपोर्ट : मध्य जावातल्या एका गावचं प्रकरण

मी मूळचा इचलकरंजीचा, सूतगिरणीतला माणूस, गेली सोळा वर्षं इंडोनेशियात पुर्वाकार्ताला एका मिलमध्ये आहे. बायको जावानीज, तिचं माहेर मध्य जावात क्लातेन जिल्ह्यात, देलांगू तालुक्यातलं एक गाव. इथं कापड धंद्यात भारतीय मंडळी भरपूर आहेत आणि त्यातलं कुणी ना कुणी मला फोन करून विचारतंच की गावाकडं थोडी जमीन घ्यायचीय, बायकोच्या नावानं घेऊ का, ओळखीच्या माणसाच्या नावानं घेऊ का. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा आमच्या घरात २०२२ पासून दोन वर्षं जे चाललं ते एकदा सगळं लिहून काढतोय. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं मुद्दाम दिली नाहीत.

आधी गाव कसं आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. योग्याकार्ता आणि सोलो या दोन शहरांच्या मधला हा पट्टा, वायव्येला मेरापी ज्वालामुखी, त्यामुळं माती काळी आणि जमिनीतून झरे फुटतात, त्यांना तिथं उंबुल म्हणतात. पाणी बारमाही, म्हणून वर्षाला भाताची तीन पिकं निघतात. रोजोलेले नावाचा तांदूळ याच भागातला, वासाला आपल्या आंबेमोहराची आठवण येईल असा, पण जुनं वाण उंच वाढायचं आणि शेतात फार दिवस राहायचं म्हणून लोकांनी ते सोडत आणलं होतं, २०१९ ला त्याचीच लवकर येणारी श्रीनुक आणि श्रीनार अशी दोन वाणं आली तेव्हा आमच्या मेव्हण्यानं परत लावायला घेतलं. तीन तीन पिकांचा तोटापण आहे, शेत कधी मोकळं राहत नाही म्हणून तुडतुडे आणि उंदीर दोन्ही हटत नाहीत. मेव्हण्याला मी मस म्हणतो, म्हणजे दादा. सासऱ्यांना बापक, सासूला इबू.

बायकोचं घर जावानीज हिंदू. प्रांबाननचं मोठं देऊळ याच जिल्ह्याच्या हद्दीवर आहे आणि आसपास अशी हिंदू घरं अजून आहेत. हे सांगायचं कारण असं की मुसलमान घर असतं तर वारसाचा वाद धार्मिक कोर्टात गेला असता, आमचा गेला असता तर दिवाणी कोर्टात. कोर्टापर्यंत आम्ही गेलो नाही ही गोष्ट वेगळी.

जायचं कसं? पुर्वाकार्ताहून गाडीनं, चिकाम्पेकला टोल रोडला लागलं की सेमारांगवरून सोलोपर्यंत रस्ता चांगला आहे, एरवी सात तास. पण लेबारान म्हणजे ईदच्या सुट्टीत सगळी जावा गावाकडं निघते, त्याला मुदिक म्हणतात, एकदा आम्हाला अठरा तास लागले आणि पोरगी मागच्या सीटवर रडून रडून झोपली. रेल्वे बरी पडते. योग्याकार्ताला उतरायचं आणि तिथून सोलोची लोकल पकडायची, ८,००० रुपियाह तिकीट, देलांगू स्टेशन याच लाइनवर आहे. २०२१ ला ही इलेक्ट्रिक लोकल सुरू झाल्यापासून इबू एकटी योग्याला दवाखान्यात जाऊन येते, आधी कुणीतरी मोटारसायकलवर नेल्याशिवाय तिचं काही व्हायचं नाही.

गावात शिरताना पाटी दिसते की पाहुण्यानं चोवीस तासांच्या आत कळवावं. हे नुसतं लिहिण्यापुरतं नाही. २०१९ ला माझे आई-वडील आले होते तेव्हा मस पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन आर-ते कडं म्हणजे गल्लीच्या प्रमुखाकडं गेला, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रमुख स्वतः केळ्याचा घड घेऊन चहाला आला. वडलांना भाषा येत नव्हती. ते सकाळी उठून बांधावर गेले, पावलं टाकत चारी बाजूनं फिरून आले आणि म्हणाले, तेहतीस-चौतीस गुंठे आहे बघ. पुढं मोजणी झाली तेव्हा ३,३८० चौरस मीटर निघालं. वडलांचा अंदाज बरोबर होता.

तर एवढीच ही शेती. शिवाय घराभोवतीचं परसू, त्याला पकारंगन म्हणतात, त्यात जुनं लिमासान पद्धतीचं घर, नारळ, केळी आणि एक मेलिंजोचं झाड.

२०२२ च्या सुरुवातीला बापक गेले. शंभराव्या दिवसाचं जेवण झालं, त्यानंतरच वाटणीचा विषय निघाला, त्याआधी कुणी तोंडातून काढला नाही. तिघं वारस, मस, माझी बायको आणि धाकटी मेव्हणी जी सोलोला नर्स आहे. इबू म्हणाली मला काही नको, मी मरेपर्यंत याच घरात राहणार तेवढं बघा. जावात जुनी रीत आहे सपिकुल सगेंडोंग, म्हणजे मुलाला कावडभर आणि मुलीला पाठीवरच्या झोळीभर, दोनास एक. दुसरी रीत सगळ्यांना सारखं. मसनं स्वतःहून सारखं म्हणलं. मला वाटलं झालं, संपलं.

पण तसं नव्हतं. चार गाठी निघाल्या, एक सोडली की दुसरी.

पहिली गाठ कागदाची. आपल्याकडं जसा सातबारा तसं तिथं लेटर चे नावाचं जाडजूड रजिस्टर असतं, गावाच्या ऑफिसात चारिककडं, चारिक म्हणजे गावाचा सेक्रेटरी, जुन्या मराठीत कुलकर्णीच म्हणा. मी ते पान बघितलंय. पिवळं पडलेलं, शाईनं लिहिलेलं, S म्हणजे सवाह अर्थात भातशेती, D म्हणजे दारात अर्थात कोरडी जमीन, आणि मालकाच्या रकान्यात बापकचं नाव नव्हतंच, बापकच्या वडलांचं होतं. म्हणजे एक आख्खी पिढी फेरफार झालाच नव्हता. दरवर्षी जमिनीचा कर बापक भरायचे, पावत्या सगळ्या डब्यात जपून, पण करपावती म्हणजे मालकी नव्हे हे आपल्याकडंही आहे आणि तिथंही आहे. वर २०२१ च्या सरकारी नियमानं सांगून ठेवलंय की असले जुने कागद पाच वर्षांत नोंदवून घ्या, नंतर ते मालकीचा पुरावा म्हणून चालणार नाहीत, फक्त खूण म्हणून धरले जातील.

आता आजोबांचं नाव म्हणजे आजोबांचे सगळे वारस आले. बापकची धाकटी बहीण, म्हणजे बुलिक, चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्यासोबत सुमात्राला लाम्पुंगला गेलेली. सरकार तेव्हा जावातली गर्दी कमी करायला लोकांना तिकडं जमीन देऊन पाठवायचं, डचांच्या काळातच १९०५ ला याची सुरुवात झाली आणि पहिली माणसं लाम्पुंगलाच गेली होती. बुलिकला तिचा वाटा जाताना पैशात दिलेला, पण कागद नाही. म्हणून मी आणि बायको गाडी घेऊन मेराकला गेलो, फेरीत गाडी चढवली, समुद्र ओलांडून बाकाउहेनी, तिथून पुढं टोलनं तिच्या गावात. बुलिकनं सगळं ऐकून घेतलं, कागद वाचता येत नव्हता तरी मुलाला दोनदा वाचायला लावलं, आणि अंगठा उमटवायच्या आधी साबणानं हात धुऊन आली. भावाच्या शेतावर मळका हात नको म्हणाली. बायको तिथं जी रडायला लागली ती थांबेना.

वारसदाखल्यासाठी आपल्यासारखं कोर्टात जावं लागत नाही, वारसांनी स्वतः लिहून द्यायचं, दोन साक्षीदार, मग गावप्रमुख आणि चामात म्हणजे तालुक्याचा प्रमुख यांच्या सह्या. त्यानंतर नशिबानं गावात सरकारी सामूहिक नोंदणी आली, पेतेएसएल म्हणतात, जावा-बालीसाठी गावपातळीचा खर्च सरकारनं १५०,००० रुपियाह ठरवून दिलाय, म्हणजे आपले हजाराच्या आतच. कुणी दलाल गाठला असता तर कितीतरी पट गेले असते. तुमच्या गावात ही नोंदणी चालू असली तर थांबू नका एवढंच सांगतो.

दुसरी गाठ शेजाऱ्याची, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव इथंच आहे.

३,३८० मधले साधारण १,२०० मीटर बापकनी २०१३ ला शेजारच्या पाकदेकडं गदाय ठेवलेले. पाकदे म्हणजे मोठे काका, नात्यातले नाहीत पण गावात वयानं मोठ्या माणसाला असंच म्हणतात. गदाय म्हणजे आपलं ताबेगहाण, पैसे घ्यायचे आणि शेत त्याच्या ताब्यात द्यायचं, तो पीक खाणार, व्याज नाही, पैसे परत केले की शेत परत. २५ लाख नव्हे, २५ दशलक्ष रुपियाह घेतले होते, धाकट्या मेव्हणीच्या नर्सिंगच्या फीसाठी. कागद काय, तर एक पावती, त्यावर तेव्हाचं ६,००० चं स्टॅम्पतिकीट आणि दोन सह्या.

इंडोनेशियाच्या १९६० च्या ५६ नंबरच्या कायद्यात याबद्दल कलम ७ आहे आणि ते वाचून मी थक्क झालो. शेतजमिनीचं असलं गहाण सात वर्षं चाललं की धनकोनं शेत परत द्यायचं, उभं पीक निघाल्यावर एका महिन्यात, आणि एक पैसा मागायचा नाही. कारण सात वर्षं पीक खाल्लं म्हणजे पैसे वसूल झालेच असं कायदा धरतो. सात वर्षांच्या आत सोडवायचं असेल तरी सूत्र दिलंय, साडेसातातून झालेली वर्षं वजा करा, सातनं भागा, आणि मूळ पैशानं गुणा. समजा तीन वर्षं झाली तर साडेचार भागिले सात, २५ मधले १६ द्यायचे. आमची नऊ वर्षं झालेली. म्हणजे द्यायचे शून्य.

धाकटीनं हे गुगल करून काढलं आणि म्हणाली पाकदेला सांगा, पीक काढा आणि निघा. कायद्यानं तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मस गप्प बसला. मग म्हणाला की बापक गेले त्या रात्री आपल्या ओसरीवर पहाटेपर्यंत कोण बसलं होतं? आणि ते २५ कुठून आले होते माहितीय का, पाकदेनं दावणीची दोन जनावरं विकली होती, तुझ्या फीसाठी. धाकटीला हे माहितीच नव्हतं.

मी जावई, परदेशी, मी बोलायचा प्रश्न नव्हता. पण मसनं रात्री ओसरीवर मला विचारलं, तुमच्याकडं काय केलं असतं? मी खरं सांगितलं, आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी दोन भाऊ बांधावरून वीस वर्षं कोर्टात जातात, तसं करू नको.

लुराहनं, म्हणजे गावप्रमुखानं, मसला आणि पाकदेला ऑफिसात बसवलं. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत पाकदे काहीच बोलले नाहीत, नुसते जावानीजमधल्या आदराच्या भाषेत हो हो म्हणत राहिले, आणि मला इतक्या वर्षांत एवढं कळलंय की जावातला असला हो म्हणजे हो नसतो. दुसऱ्या बैठकीत त्यांचा मुलगा चिडून बोलला. तिसऱ्यात ठरलं ते असं : पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, पण उभं पीक आणि त्यावर अजून दोन हंगाम पाकदेनी करायचे, आणि त्यानंतर शेत मसकडं. लेखी केलं, लुराहची साक्षीदार म्हणून सही. कायदा आमच्या बाजूनं होता हे सगळ्यांना माहिती होतं, त्यामुळंच दोन हंगाम सोडून देणं हा मान झाला, हार नाही झाली. मला हा तोडगा आजही फार योग्य वाटतो.

तिसरी गाठ धाकटीच्या वाट्याची. सोलो-योग्याकार्ता टोल रोड याच जिल्ह्यातल्या भातशेतीतून गेला, कार्तासुरा ते क्लातेन तुकडा २०२४ ला सुरू झाला, आणि तो व्हायच्या आधीच आजूबाजूचे भाव चढले. एक दलाल धाकटीकडं यायला लागला, गोडाऊनसाठी गिऱ्हाईक आहे म्हणून. आता ही शेती संरक्षित भातशेतीच्या नकाशात आहे, २००९ चा ४१ नंबरचा कायदा, तिथं गोडाऊन बांधता येत नाही. दलाल म्हणायचा नंतर करून घेऊ. असल्या नंतरवर कधीही विश्वास ठेवू नका. पण धाकटीला खरंच पैसे हवे होते, सोलोला घराचे हप्ते चालू होते, तिला वाईट ठरवण्यात अर्थ नाही.

बायको म्हणाली आपण घेऊ तिचा वाटा, आपली सेव्हिंग आहे. आणि इथं माझा पासपोर्ट आडवा आला.

१९६० चा ५ नंबरचा जमीन कायदा, कलम २१, पूर्ण मालकी म्हणजे हाक मिलिक फक्त इंडोनेशियन नागरिकाला. बायको नागरिक आहे, मग अडचण काय? अडचण अशी की लग्नानंतर कमावलेल्या पैशानं जे घेतलं ते दोघांचं सामायिक होतं, म्हणजे अर्धी मालकी परदेशी माणसाची, आणि परदेशी माणसाकडं लग्नामुळं किंवा वारसानं अशी मालकी आली तर एका वर्षात सोडायला लागते. वारसानं आलेलं मात्र ज्याचं त्याचं राहतं, १९७४ च्या लग्नाच्या कायद्यात तसं आहे. म्हणजे बायकोचा स्वतःचा तिसरा हिस्सा निर्धोक, धाकटीकडून विकत घेतलेला हिस्सा धोक्यात. आम्ही लग्नाआधी कसलाही करार केला नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं.

एका ओळखीच्यानं सुचवलं की ड्रायव्हरच्या नावानं घे आणि त्याच्याकडून मागच्या दारानं कागद लिहून घे. कलम २६ सरळ सांगतं की असा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. जे लोक मला फोन करतात त्यातले निम्मे हेच करायच्या बेतात असतात. कृपा करून करू नका.

बरोबर रस्ता २०१६ ला तिथल्या घटना न्यायालयानं मोकळा केलाय, निकाल नंबर ६९, २०१५ सालचा अर्ज. मिश्र लग्नातल्याच एका बाईंनी लढलेली केस. त्याआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार लग्नाआधीच करायला लागायचा, आता लग्न झाल्यावरही करता येतो. नोटरीकडं करायचा आणि लग्न जिथं नोंदलंय तिथं नोंदवायचा, आमचं नागरी नोंदणी ऑफिसात. आम्ही केला. त्यात लिहिलंय की तिचं ते तिचं, माझं ते माझं. सही करताना पेन जरा थांबलं हे कबूल करतो. सोळा वर्षांची कमाई, आणि त्यातून गावात जे काही उभं राहील त्यावर माझा हक्क नाही असं स्वतःच्या हातानं लिहायचं. बायको नोटरीसमोर काही बोलली नाही, बाहेर आल्यावर म्हणाली, बापक असते तर त्यांनी तुला सही करू दिली नसती. मी म्हणलं बापक असते तर सहीची वेळच आली नसती.

करार झाला म्हणजे घेता येईल असं वाटलं, तर चौथी गाठ. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा पाहिजे, फार तर लगतच्या, जिथून शेत नीट कसता येईल. १९६१ चा नियम आहे. बाहेर राहणाऱ्यानं शेत धरून ठेवायचं नाही, वारसानं आलं तरी एका वर्षात एकतर तिथं राहायला जा नाहीतर तिथल्या माणसाला दे. सरकारी नोकरांना सूट आहे, मिलवाल्याच्या बायकोला नाही. तिचं ओळखपत्र पुर्वाकार्ताचं. आपल्याकडं शेतकरी दाखल्याशिवाय शेत घेता येत नाही, त्याचाच हा भाऊ, फक्त इथं शेतकरी असून भागत नाही, जवळ राहायला लागतं. लोक सर्रास मोडतात, नावापुरतं ओळखपत्र गावात ठेवतात, आम्हालाही तसं सुचवलं गेलं. बायको नको म्हणाली. मुद्दा तिनं बरोबर पकडला होता, ती म्हणाली नियम केलाय तो शहरातल्या माणसानं गावची शेतं गिळू नयेत म्हणून, आणि आज शहरातला माणूस मी आहे.

मग सगळं उलटं बसवलं. सगळी भातशेती मसच्या नावावर. बायकोनं आपला शेतीतला वाटा त्याला सोडला आणि बदल्यात घर आणि परसातले ४२० मीटर घेतले, कारण परसू शेतजमिनीत धरत नाहीत, जवळ राहायची अट त्याला लागू नाही, आणि इबू तिथंच राहते. धाकटीला तिच्या वाट्याचे पैसे मसनं दिले, त्यातले बरेचसे बायकोनं त्याला हातउसने दिले, तो चार पिकांत फेडतोय, तीन हप्ते आलेत. वारसांमध्ये अशी वाटणी करायचा स्वतंत्र दस्त असतो, तो केला. धाकटीला दलालाच्या आकड्यापेक्षा कमी मिळाले. ती काही दिवस रागात होती, लेबारानला आली तेव्हा इबूसाठी मिक्सर घेऊन आली. राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही.

उद्या बायकोला काही झालं तर परसू पोरीकडं जावं असं आम्ही ठरवलंय, ती इंडोनेशियन नागरिक आहे. माझा नंबर त्यात नाही आणि नको.

पाकदेचा शेवटचा हंगाम २०२३ च्या पावसाळ्याआधी निघाला. कापणीच्या आदल्या दिवशी तिथं विवितान करतात, देवी श्रीसाठी, शेताच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर भात, आख्खी शिजवलेली कोंबडी, अंडी, उकडलेल्या भाज्या आणि सोयाबीनची कोरडी चटणी. श्री म्हणजे आपली लक्ष्मीच, आई त्या वेळी फोनवर होती, तिनं व्हिडिओ कॉलवरच हात जोडले. पीक पाकदेचं होतं, पण त्यांनी पहिल्या चार लोंब्या मसला कापायला लावल्या.

पीक उठल्यावर ते मसला आणि मला बांधावर घेऊन गेले. पाणी आत येतं त्या कोपऱ्यापासून सात-आठ पावलांवर वाकले, गवत बाजूला केलं आणि बोट घालून दाखवलं. इथं खेकड्याचं बीळ आहे, म्हणाले, वरून दिसत नाही पण रात्रीत सगळं पाणी खालच्या शेतात जातं, मी नुसता चिखल भरून बघितला, टिकत नाही, आधी नारळाचा काथ्या कोंबायचा आणि मग चिखल, दर लावणीला. मसनं तिथं बांबूची काठी रोवली.